पोस्टाने फोर्ट्रान

कोलशेत,
१८ जुलै १९८२

दादा,

तू जाताना म्हणालेलास, "त्या मशीनच्या खोलीत पाय टाकलास तर मला पत्र टाकू नकोस." म्हणून आधी घरचं लिहिते, म्हणजे तू निदान अर्धं पान तरी वाचशील.

आबांनी होडी वर ओढून घेतली आहे, पाऊस सरेपर्यंत जाळी विणत ओटीवर बसलेले असतात. खाडीत कारखान्यांचं पाणी वाढलंय, मासळी पहिल्यासारखी राहिली नाही, असं रोज म्हणतात. आय सुकी मासळी घेऊन ठाण्याच्या बाजारात बसते, गुडघा दुखतो पण जागा सोडायला तयार नाही. तुझ्या कंपनीच्या नागपूरच्या डेपोत पाऊस कसा आहे ते विचार, असं तिने सांगितलंय.

झालं. घरचं संपलं. दादा, मी पाय टाकला.

रागावू नकोस, किंवा रागाव, पण वाच. आमच्या गणिताच्या सरांनी वर्गात सांगितलं की मानपाड्याच्या एमआयडीसीत एक कॉम्प्युटर सेंटर आहे, आसपासच्या कारखान्यांचे हिशेब तिथल्या मेनफ्रेमवर होतात, आणि त्यांना दुपारच्या कामाला कॉलेजची मुलं हवी आहेत. वर्गातली मुलं हसत होती. मी तास संपेपर्यंतही थांबले नाही, सरांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले.

दादा, काय ती खोली! चपला बाहेर काढून आत जायचं. आत इतकी थंडी की मी आयची शाल नेते. भिंतीला लागून कपाटांएवढी यंत्रं, त्यात टेपची मोठी चाकं गर्रकन फिरतात, मधेच थांबतात, विचार केल्यासारखी मागे जातात. आणि प्रिंटर सुरू झाला की कौलांवर गारा पडल्यासारखा आवाज! तिथला ऑपरेटर काळुराम मानपाड्याचाच आहे, त्यांची शेतं याच एमआयडीसीत गेली. मला दारातच थबकलेली बघून म्हणाला, "ये गो आत, चावत नाय. फक्त कपाटावर चहा ठेवायचा नाय."

माझं काम म्हणजे टेप लावायच्या, कार्डांचे गठ्ठे नीट रचून मशीनला भरवायचे, छापून आलेला कागद फाडायचा. कार्डं जाड कागदाची असतात, त्यांना बारीक चौकोनी भोकं. पहिल्या आठवड्यात मला कळलं की प्रत्येक भोकाला अर्थ आहे. दोन भोकं म्हणजे एक अक्षर! आता मी कार्ड उजेडाकडे धरून वाचते. काळुराम म्हणतो, "आमी वर्षानुवर्षं भरवतोय, कदी वाचली नाय."

सोबत एक कार्ड पाठवते. त्यावर मी तुझं नाव पाडलंय. उजेडाकडे धर.

तू म्हणायचास, ही मशीन माणसं खाते. हिशेब मशीनवर गेले तेव्हा खात्यातल्या तुम्हा सगळ्यांना कंपनीने कुठे कुठे फेकलं ते मी विसरलेले नाही. पण मला ती कशी चालते ते बघायचंय.

तुझी,
सगुणा


कोलशेत,
५ सप्टेंबर १९८२

दादा,

तुझं उत्तर नाही. पण कार्डही परत आलं नाही, म्हणजे तू ते फेकलं तरी असशील किंवा ठेवलं तरी असशील. मी ठेवलंस असं धरून चालते.

मी प्रोग्राम लिहिला!

सांगते, नीट सांगते. सेंटरमध्ये जया टिपणीस म्हणून एक बाई आहेत, डोंबिवलीच्या, सगळ्या प्रोग्रामरांच्या वरच्या. आम्ही त्यांना जया मॅडम म्हणतो. कमी बोलतात, सारखी सुपारी चघळतात. एकदा मी कार्डं भरवायच्या आधी वाचत बसलेली, तर मागून आवाज आला, "काय लिहिलंय त्यात?" मी घाबरून वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "अक्षरं वाचलीस. आता अर्थ सांग." मला कुठे येत होता? दुसऱ्या दिवशी त्यांनी फोर्ट्रानचं, म्हणजे मशीनशी बोलायच्या भाषेचं, एक जुनं पुस्तक माझ्या पुढ्यात ठेवलं. कव्हर नव्हतं, पहिली काही पानंही नव्हती. म्हणाल्या, "दुपारी मशीन जरा मोकळं असतं. तेवढा वेळ तुझा."

दादा, हे पुस्तक मी आय भात वाढते तेव्हाही सोडत नाही. आय म्हणते, "त्या पुस्तकान मासे शिजतान काय?"

पहिला प्रोग्राम एकदम सोपा होता. एकपासून शंभरपर्यंत आकडे छापायचे. कार्डं मीच पाडली, मीच भरवली. प्रिंटर खडखडला आणि पहिल्या ओळीत छापलं, एक. माझ्या अंगावर काटा आला. मग दुसऱ्या ओळीत छापलं, एक. तिसऱ्या ओळीत एक. मग एक, एक, एक, कागदाचा धबधबा जमिनीवर! काळुराम धावत आला, बटण दाबलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाला, "सगुणा, तुजा एक काय संपतच नाय!"

दर वेळी एक मिळव, हे मी मशीनला सांगायलाच विसरले होते. आणि ते बिचारं सांगितलं तेवढंच करतं. मला रडू यायला हवं होतं, पण मी हसत सुटले. जया मॅडमही हसल्या, सुपारी अडकली त्यांना.

दुसऱ्या दिवशी शंभर आकडे आले. शंभराशी थांबले. मी तो कागद उशाखाली घेऊन झोपले, हे कुणाला सांगू नकोस. तू कुणाला सांगणार म्हणा.

सगुणा


कोलशेत,
२१ नोव्हेंबर १९८२

दादा,

दिवाळीला तू आला नाहीस. त्याबद्दल काही लिहायचं नाही असं ठरवलंय.

आबांचं लिहिते. आबांना माझं काम आवडत नाही असं तुला वाटत असेल, तर तसं नाही. तू गेल्यापासून ते मशीनबद्दल चकार शब्द काढत नव्हते एवढंच. मागच्या महिन्यात मी ओटीवर बसून कागदावर काहीतरी खरडत होते तर म्हणाले, "सारा दिस करतंस काय तिकरं?"

मी म्हटलं, "आबा, भरती कधी ते तुम्ही कसं काढता?"

"तिथीची पाऊणपट," आबा म्हणाले. "चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा. मंग आपल्या खाडीन पानी चढत येतं, त्याला जरा वेल लागतो, तो वर धरायचा."

दादा, तुलाही हे लहानपणापासून माहीत आहे, मलाही. पण त्या दिवशी मला ते एकदम वेगळंच ऐकू आलं. तिथी घे, पाऊणपट कर, थोडा वेळ मिळव, छाप, पुढची तिथी घे. हा प्रोग्रामच आहे! आबा जन्मभर तोंडाने प्रोग्राम चालवतायत!

दुसऱ्या दिवशी कॉलेजात एका तासाला माझं लक्ष नव्हतं. मानपाड्याला पोचल्यावर जया मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "पंचांगात एखादी तिथी गळते, एखादी दोन दिवस येते, तो क्षय-वृद्धीचा घोळ कसा सांभाळशील?" तो सांभाळायला मला बरेच दिवस लागले. पण सांभाळला. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतची भरती, दिवसाची आणि रात्रीची, एका लांबलचक कागदावर!

आबांनी कागद मांडीवर पसरला. इंग्रजी आकडे त्यांना वाचता येत नाहीत म्हणून मी शेजारी मराठीत लिहून दिले. एकेका ओळीवर बोट ठेवून स्वतः हिशेब करत गेले, पुटपुटत. शेवटी म्हणाले, "बराबर हाय." मग कागदाची घडी घालत, "तुज्या मशिनीला वारा कलतो काय?"

"नाही आबा."

"मंग तिला सांगून ठेव, वारा मी बघीन."

आता तो कागद घेऊन ते कोळीवाड्यात घरोघर फिरलेत. प्रत्येकाला सांगतात, "माजे पोरीन छापलाय." तू असतास तर तुलाही मजा वाटली असती. वाटली असती ना?

सगुणा


कोलशेत,
३० जानेवारी १९८३

दादा,

हे पत्र दोनदा फाडलं. तिसऱ्यांदा लिहितेय.

तुझ्या रंगाच्या कारखान्याने आता स्टोअर खात्याचं कामही आमच्या सेंटरला दिलंय. माल किती आला, किती गेला, किती उरला, सगळं मशीनवर. प्रोग्राम जया मॅडम करणार, मदतनीस मी. सांगताना त्या म्हणाल्या, "तुझं घर कोलशेतला आहे ना, तिथल्या लोकांकडून काम समजून घे." मला आधी इतका आनंद झाला की काय सांगू. खरा प्रोग्राम! खऱ्या कारखान्याचा! मग गेटमधून आत शिरले, तुझ्या जुन्या टेबलावरून जाताना मान खाली घातली.

स्टोअरमध्ये कुणी बोलेना. मी विचारते, बघतात, पुन्हा कामाला लागतात. कोपऱ्यात महिपत बसलेला. तोच, तुझा दोस्त, गणपतीत आपल्याकडे भजनाला येणारा. शेवटी तोच उठून आला.

"परशुरामची बहीण ना तू?"

"हो, महिपतदादा."

"तुझ्या भावाला ह्याच मशीनने नागपूर दाखवलं. आता आम्हाला काय दाखवणार? चंद्रपूर?"

मी तिथून निघाले ती थेट मानपाड्याला. जया मॅडमना म्हटलं, मी हे काम करणार नाही. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "नको करूस. मुंबईहून एक मुलगा येईल, तो करेल. तो त्या माणसांशी बोलायलाही जाणार नाही."

मला त्यांचा राग आला. पण रागात मी त्यांना विचारलं, "मॅडम, माल आला की त्याचा कोड कोण लिहिणार? कार्ड चुकलं तर कोण ओळखणार? मशीनला तर रंगाचा डबा आणि रिकामा डबा सारखाच."

त्या म्हणाल्या, "कंपनी नवीन मुलं घेईल."

"नवीन का? ही माणसं शिकली तर?"

त्यांनी सुपारी चघळायची थांबवली. "शिकवणार कोण?"

दादा, मला घाम फुटला त्या थंड खोलीत. पण मी म्हटलं, "मी."

सगुणा


कोलशेत,
१० एप्रिल १९८३

दादा,

आता सगळं क्रमाने सांगते, कारण महिपत तुला लिहिणार आहे आणि तो तिखटमीठ लावेल.

जया मॅडम स्वतः तुझ्या कारखान्याच्या मॅनेजरकडे गेल्या. तो म्हणाला, कारकुनांना हे जमणार नाही. मॅडम म्हणाल्या, जमलं तर? शेवटी ठरलं की महिनाभर शिकवायचं, मग सेंटरमध्ये परीक्षा. जे पास होतील त्यांचा इथेच कोलशेतला नवा विभाग. बाकीच्यांची बदली.

मग ते स्टोअरमध्ये कुणी सांगायचं? मीच. महिपत म्हणाला, "आणि नापास झालो तर तूच आम्हाला निरोप द्यायला येशील, होय ना?" मी म्हटलं, "येईन. पण मला तुम्हाला नापास करायचं असतं तर मी आज आले नसते." दुसऱ्या दिवशी तो कारखान्याच्या कँटीनमध्ये दुपारची सुट्टी झाल्यावर सगळ्यात पहिला येऊन बसला.

दादा, शिकवणं म्हणजे काय असतं! मला जे येतं असं वाटायचं ते फळ्याशी उभी राहिल्यावर येईनासं व्हायचं. मग रात्री बसून पुन्हा समजून घ्यायचं. भाऊ म्हणून एक वयस्कर आहेत, तू ओळखत असशील, सगळ्यात जुने. ते विचारायचे, "पोरी, पण तो शून्य का लिहायचा, जागा मोकळी सोडली तर काय बिघडलं?" त्यांच्या त्या एका प्रश्नामुळे मला मोकळी जागा आणि शून्य यातला फरक आयुष्यात पहिल्यांदा कळला.

मग एक दिवस मी सगळ्यांना मानपाड्याला नेलं. काळुरामने दार उघडलं, चपला काढायला लावल्या, आणि मला म्हणाला तसंच त्यांना म्हणाला, चावत नाय. महिपतने आपल्या हाताने कार्ड पाडलं. चार वेळा चुकला. मनगटं जाड त्याची, दोन बटणं एकदम दाबली जायची. पाचव्यांदा बरोबर आलं. प्रिंटरवर ओळ उमटली, रंगाचं नाव, आलेला माल, उरलेला माल. तो वाकून बघत राहिला, मग वळून सगळ्यांना म्हणाला, "अरे, हा तर आपलाच हिशेब आहे!"

परीक्षा परवा झाली. जया मॅडमनी पेपर काढला, मला दाखवलाही नाही. निकाल काल लागला. महिपत पास, आणि बाकीचेही जवळजवळ सगळे. कँटीनमध्ये असा दंगा केला की मॅनेजर बघायला आला. मला खांद्यावर उचलायला निघाले होते, मी पळाले!

भाऊंना नाही जमलं. त्यांची बदली पनवेलच्या गोदामात झाली. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "शिकवलंस चांगलं, माझंच डोकं आता जड झालंय." मी हे तुझ्यापासून लपवणार होते, कारण तू म्हणशील, बघ, खाल्लं ना एकाला. म्हण. ते खरं आहे. काल रात्री मी जेवले नाही. पण दादा, बाकीचे सगळे घरी आहेत.

सगुणा


कोलशेत,
२० जून १९८३

दादा!

तुझं पोस्टकार्ड आलं! पोस्टमनच्या हातून मी ओढूनच घेतलं. आय म्हणाली, "काय लिवलाय, काय लिवलाय?" मी वाचून दाखवलं. "महिपतचं पत्र मिळालं. तू शिकवतेस म्हणे. पोस्टाने शिकवतेस का?" आय म्हणाली, "एवराच?" मी म्हटलं, "आय, एवढंच खूप झालं."

शिकवते. शिकवते! आत्ताच सुरू करते, उद्यावर नको.

धडा पहिला. मशीनच्या पोटात खण आहेत असं समज, आयच्या मसाल्याच्या डब्यासारखे. प्रत्येक खणाला नाव द्यायचं. एका खणाला एन नाव दे. आता वहीत लिही, एन बरोबर एन अधिक एक. शाळेत असं लिहिलं असतंस तर गुरुजींनी पट्टी हाणली असती. पण इथे याचा अर्थ आहे, एनच्या खणात जे असेल ते काढ, त्यात एक मिळव, परत त्याच खणात ठेव. हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं बसतं. मला बसायला दोन दिवस लागले, तुला जास्त लागले तर मला फार आनंद होईल.

तिथे नागपूरला मशीन नसलं तरी चालेल. तू कागदावर लिहून पाठव. मी कार्डं पाडीन, चालवीन आणि जे छापलं जाईल ते तुला पोस्टाने पाठवीन. जया मॅडमना विचारलंय. म्हणाल्या, "भाऊ तुझा, वेळ तुझा, कागद जपून."

सोबत आठ पानं जोडली आहेत. लिफाफा जड झालाय, तिकीट कमी पडलं तर तूच भर.

तुझी,
सगुणा (गुरुजी)


कोलशेत,
१ ऑक्टोबर १९८३

दादा,

तुझा पहिला प्रोग्राम मिळाला. तीन महिने धडे वाचून काढलेस, प्रश्न विचारून मला सळो की पळो केलंस, आणि आता हा. अक्षर तुझं अजून तसंच आहे, तिरकं आणि घाई झाल्यासारखं.

कार्डं पाडायला बसले. पहिली कार्डं पटापट झाली. तू खण मांडलेस, एकपासून बेरीज केलीस, छान. मग शेवटची ओळ पाडायला घेतली. छापायचा मजकूर. मशीनला मराठी येत नाही म्हणून तू रोमन अक्षरांत लिहिलेलास. मी एकेक अक्षर पाडत गेले, डी, आय, डब्ल्यू... आणि निम्म्यात माझा हात थांबला.

"दिवाळीला येतो. आयला सांग."

काळुराम म्हणाला, "काय झाला गो, बोट अडकला?" मी मान हलवली. ते कार्ड पुरं केलं, गठ्ठा रचला, मशीनला भरवला. त्याला म्हटलं, तू बटण दाब. जया मॅडमही येऊन उभ्या राहिल्या. प्रिंटर खडखडला.

दादा, तुझा प्रोग्राम चालला नाही!

चूक अशी आहे. छापायच्या हुकमात कंसात सहा आणि दहा लिहायचे असतात. सहा म्हणजे आपला प्रिंटर, दहा म्हणजे मजकुराची ओळ. तू दोन आकड्यांत नुसती मोकळी जागा सोडलीस. फोर्ट्रान मोकळी जागा मोजतच नाही. त्याने वाचलं, सहाशे दहा. आणि सहाशे दहा नंबरचा प्रिंटर आमच्याकडे नाही, मी शोधला. काळुरामही कपाटामागे बघून येतो म्हणाला.

मी ती चूक तिथल्या तिथे दुरुस्त करू शकले असते. हातात कोरं कार्ड होतं. पण मी वर्गात सगळ्यांना एकच नियम सांगते, ज्याचा प्रोग्राम त्यानेच दुरुस्त करायचा. महिपतलाही सूट दिली नाही, तुला कशी देऊ?

तेव्हा आत्ता स्थिती अशी आहे. मशीनने काहीच छापलेलं नाही. म्हणून मी आयला काही सांगितलेलं नाही. संध्याकाळी घरी आले तर म्हणाली, "आज तोंडावर हसू कसला?" मी म्हटलं, प्रोग्राम चुकला. ती म्हणाली, "चुकला तं हसतंस? याड लागला पोरीला." आबा जाळं खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिले. त्यांना काहीतरी कळलंय, पण ते विचारणार नाहीत. मी किती दिवस तोंड बंद ठेवू शकेन माहीत नाही, म्हणून उलट टपाली उत्तर धाड.

बाकी प्रोग्राम सगळा बरोबर आहे. जया मॅडमनी वाचला आणि म्हणाल्या, पहिल्याच खेपेला एकच चूक, बहिणीपेक्षा बरा आहे. मी त्यांच्याशी भांडले नाही.

चुकलेली ओळ लाल शाईने खूण करून परत पाठवतेय. सहा आणि दहाच्या मधे, दादा. कॉमा टाक आणि ये.

सगुणा